एक नंबर पुढे गेलाय

अहो, तुमची डोंगरावर न्यायची पिशवी अजून दारामागच्या खिळ्यालाच आहे. तिला बांधलेली घंटाही तशीच आहे. पंखा तीनवर केला की पिशवी जराशी हलते आणि घंटा वाजते. पहिल्यांदा वाजली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तशीच ताट घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि ‘आलात का?’ असं तोंडातून निघूनसुद्धा गेलं. मग पंखा दिसला. तो बंद केला आणि उकाड्यात बसून राहिले. तिसरीच्या पोरांना भूत नसतं, भूत नसतं म्हणून घसा कोरडा करणारी बाई मी. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

विहारात तुमची शोकसभा झाली. तुमचं शिक्षण, नोकरी, युनियन, सगळं लोकांनी नीट सांगितलं. कंपनीच्या बसमधून उतरलात, स्टॉपच्या कट्ट्यावर टेकलात ते उठलाच नाहीत, हेही प्रत्येकानं सांगितलं. डोंगराबद्दल आणि जपानबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या लेखी ते तुमचं खूळ होतं. मीही त्याला खूळच म्हणत आले आणि त्यावरून तुमच्याशी भांडत आले. ते भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत. म्हणून आज पोरं शाळेत गेल्यावर हे लिहायला बसले आहे.

आणीबाणी उठली ते वर्ष आठवतंय ना? आपण शिरवण्यात चांगूआईच्या घरातली मागची खोली भाड्यानं घेतली होती. सुजाता तीन वर्षांची, मिलिंद नुकता रांगायला लागलेला. कंपनीनं तुम्हाला सहा महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं. आपल्या कोकणातल्या बौद्धवाडीतलं विमानात बसलेलं पहिलं माणूस म्हणून तुमच्या आईनं वाडीभर गूळ वाटला. मला मात्र दोन पोरं घेऊन त्या खोलीत राहायचं होतं, त्यामुळे मला गूळ फारसा गोड लागला नाही.

तुमची पत्रं यायची. कामाबद्दल दोन ओळी आणि मग सगळं पान ओकादा-सानच्या डोंगराबद्दल. हे तुमचे तिथले वरिष्ठ. सुट्टी आली की बायको आणि दोन पोरांबरोबर तुम्हालाही डोंगरात न्यायचे. हिवाळ्यात म्हणे तिथं पुरुषभर बर्फ असतो आणि लोक त्यावरून घसरतात. पण बर्फ वितळला की तोच डोंगर पोराबाळांचा होतो. दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट आणि दोन्ही बाजूंना फुलं. ओढ्यात दगड लावून केलेल्या डबक्यात मासे सोडलेले, ते पोरांनी हातानं पकडायचे आणि तिथंच काडीला लावून भाजायचे. टप्प्याटप्प्यावर लाकडी खोक्यात एक शिक्का ठेवलेला, तो आपल्या कागदावर उमटवायचा. चालून दमलं की गरम पाण्याच्या हौदात पाय सोडून बसायचं. वाटेत भेटेल त्याला, ओळख असो नसो, नमस्कार करायचा.

आणि त्या तारेवरच्या खुर्च्या. बर्फाच्या दिवसांत माणसं वर न्यायला टांगलेल्या, त्याच उन्हाळ्यात आजी-नातवंडांना घेऊन गवतावरून वर जायच्या. एका खुर्चीत माणसं असायची आणि मागून कितीतरी रिकाम्याच यायच्या, आपली सावली गवतावर ओढत. हे तुम्ही पुढे शंभरदा सांगितलंत. रिकाम्या खुर्च्यांपाशी आलात की तुमचा आवाज खाली जायचा.

त्यातल्याच एका पत्रात तुम्ही लिहिलं होतं: ‘इथं वाट वळली की पुढचा माणूस थांबतो आणि “बांगो” अशी हाक देतो. बांगो म्हणजे नंबर. मग पोरं आपापला नंबर ओरडतात. इची म्हणजे एक, नी म्हणजे दोन. कोण मागं राहिलं ते लगेच कळतं. सुजाताला सांग, तू इची. मिलिंद नी. मी आलो की आपण पण जायचं डोंगरावर.’

मी तिला शिकवलं. तिला तो खेळच झाला. चांगूआई येता-जाता मुद्दाम म्हणायची, “बांगो गं पोरी!” की सुजाता असेल तिथून ओरडायची, “इची!” मोरीतून, पलंगाखालून, विहिरीच्या कट्ट्यामागून. मिलिंदचा नीसुद्धा तीच ओरडायची, वेगळा आवाज काढून.

श्रावणात तिला ताप भरला. तो उतरलाच नाही. चांगूआईच्या मुलांनी तिला खाडीच्या अंगाला नेऊन पुरली. तार कंपनीत गेली, कंपनीनं जपानला कळवलं, तुम्हाला सोमवारी कामावर गेल्यावर सांगितलं. आदल्या दिवशी तुम्ही डोंगरात होतात आणि तिच्यासाठी ही घंटा विकत घेतली होतीत. तिथं पोरांच्या पिशवीला ती बांधतात, आवाजानं अस्वल वाटेतून बाजूला होतं म्हणून.

दिवाळीच्या सुमारास तुम्ही परत आलात. घंटा पँटीच्या खिशात होती. तुम्ही गल्लीत शिरलात तेव्हा माणूस दिसायच्या आधी ती ऐकू आली. मी म्हटलं, “ते आधी काढा खिशातून.” इतक्या महिन्यांनी भेटलेल्या नवऱ्याशी माझं पहिलं वाक्य ते होतं. तुम्ही ती रुमालात गुंडाळलीत.

तुम्ही नव्हतात तेव्हा इथं काय झालं ते मी तुम्हाला कधी सगळं सांगितलं नाही. आता सांगते. माती टाकून आठवडा होतो न होतो तोच बायका यायला लागल्या. पोर तहानेलं गेलंय, त्या बाजूला फिरकू नकोस. मिलिंदच्या मनगटाला काळा दोरा बांध, ती त्याला न्यायला येईल. अमक्याकडे जाऊन तिचं काहीतरी करून ये. तीन वर्षांची माझी पोर, जिला अंधारात मोरीत जायला भीती वाटायची, तिची त्यांनी बघता बघता हडळ केली. मी सगळ्यांना हाकलून दिलं आणि त्या दिवसापासून तिचं नाव घेणं बंद केलं. घरात नाही, दारात नाही, गावाकडेही नाही. नाव घेतलं नाही की कुणाला तिचं भूत करता येणार नाही. सुजाताची आई होते ती मी महिन्याभरात सगळ्यांच्या तोंडी मिलिंदची आई झाले. तुम्ही मात्र मला तसं कधी म्हणाला नाहीत. नुसतं ‘आगं’ म्हणायचात.

मग मित्रा झाली, आणि नेरूळला ही वसाहतीतली दोन खोल्यांची जागा मिळाली. पोरांची पावलं जरा घट्ट झाल्यावर तुम्ही एका रविवारी पिशवी काढलीत, तिला ती घंटा बांधलीत आणि जाहीर केलंत, “चला, डोंगरावर.” शिरवण्यावरून जाताना चांगूआई दारातच बसली होती. घंटा ऐकून म्हणाली, “आमचे डोंगरान आसवाल नाय हाय, बाला. कोनाला घाबरवतस?”

“आसवलाला नाय, आई. पोरं कुठं हायेत ते कळतं,” तुम्ही म्हणालात.

आपला डोंगर तो केवढा! अर्ध्या वाटेवर वळलं की खाली मिठागरं, खाडी आणि कारखान्यांच्या पट्ट्यातली धुराडी. पण तुम्ही तिथं सगळा जपान मांडलात. जुन्या चपलेच्या रबरातून शिक्के कोरलेत, एक खेकड्याचा, एक माशाचा, आणि आदल्या संध्याकाळी जाऊन दगडाखाली डब्यात ठेवून आलात. पावसाळा सरत आल्यावर ओहोळात दगड लावून पोरांना हातानं मासे पकडायला बसवलंत. बोटाएवढे मासे आणि त्यांना भाजायचा केवढा थाट. सुकटीची चटणी भरून भाताचे गोळे केलेत, ते मात्र झकास व्हायचे, कबूल करते. तिथल्या दगडखाणीतल्या कामगारांना पोरं ‘काका नमस्कार’ म्हणायची आणि ते बिचारे मागं वळून बघायचे की आपल्याच मागं कुणी साहेब आला की काय.

कचऱ्यावरून मात्र आपलं वाजलं. उतरताना आपल्या खाण्याचे कागद, सालं, सगळं तुम्ही पिशवीत भरून खाली आणायचात. एकदा खाणीजवळच्या झोपडीतली बाई आपली पिशवी बघून म्हणाली, “ओ भाऊ, भंगार घेता काय?” तुम्ही हसलात. माझं डोकं फिरलं.

“आपल्या आज्या-पणज्यांनी गावाचा कचरा काढला, ढोरं ओढली, तेवढं पुरलं नाही का? आता हौसेनं उचलायचं?”

“ओकादा-सान उचलतो. इंजिनिअर हाय तो.”

“त्याला कुणी जात विचारत नाही.”

“आगं, मी माजा उचलतो, दुसऱ्याचा नाय. आपल्या लोकांना दुसऱ्याचा उचलायला लावला, तितंच सगळी बोंब झाली ना?”

मी जास्तच चिडले.  पण गेल्या महिन्यात मित्रानं बसच्या खिडकीतून फेकायला निघालेलं केळीचं साल मुठीत धरून घरापर्यंत आणलं, तेव्हा मला तुम्ही दिसलात. डोळे भरून आले आणि मी तिला उगाच हात धुतले नाहीस म्हणून ओरडले.

दुसरं भांडण त्या वळणावरचं. कुड्याचं झाड आहे तिथं वाट डावीकडे वळते. पहिल्याच रविवारी तुम्ही तिथं थांबलात, पाठ आमच्याकडेच ठेवलीत आणि हाक दिलीत, “बांगो!” पोरांना तुम्ही घरीच शिकवून ठेवलं होतं.  एक श्वास जाईल इतका वेळ नुसता वारा. मग मिलिंद ओरडला, “नी!” मित्रा ओरडली, “सान!”, म्हणजे तीन, आणि तुम्ही चालू लागलात.

माझे पाय तिथंच. पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांच्यासाठी मोजणी नीपासूनच सुरू होत होती. पण त्या मधल्या श्वासात मला स्पष्ट ऐकू आलं. मोरीतून, पलंगाखालून, विहिरीच्या कट्ट्यामागून. पुढे दर रविवारी, दर वळणाला, मी तो श्वास खाली मान घालून काढला.

मग शेजारच्या राऊतांचा पिंट्या एकदा बरोबर आला. तुम्ही त्याला शी दिलीत, म्हणजे चार. त्यानं सरळ विचारलं, “काका, एक नंबर कोणाचा?”

तुम्ही वळून न बघता म्हणालात, “एक नंबर पुढे गेलाय.”

पिंट्यानं पुढे पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं, फक्त गवत हललं. पोरगं उतरेपर्यंत माझा पदर सोडेना. दुसऱ्या दिवशी राऊतवहिनी दारात. “भावजी पोरांना भुताबिताच्या गोष्टी सांगतात का ओ? आमच्या पिंट्याला टेन्शन आलंय.”

त्या संध्याकाळी पोरं खाली खेळत होती आणि मी तुम्हाला धारेवर धरलं. इतकी वर्षं मी जीव काढून जे झाकलं ते तुम्ही डोंगरावर नेऊन ओरडता, म्हटलं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि जपानातल्या काही दगडांबद्दल पहिल्यांदा बोललात. ओकादा-सानच्या डोंगरात वळणावळणावर छोटे दगडी बुद्धासारखे पुतळे होते, बारीक हसणारे, गळ्यात लाल फडकी बांधलेली. तुम्ही त्यांच्या बायकोला विचारलंत. तिनं हातानं गुडघ्याएवढी उंची दाखवली, मग हात वर केला. गेलेल्या लहान पोरांचे. आया ते फडकं शिवून आणतात. त्याच वाटेनं जिवंत पोरं जाळी घेऊन फुलपाखरामागं पळतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

“हे तुम्ही कधी बघितलंत?”

“त्याच रविवारी,” तुम्ही म्हणालात. “घंटा घेतली त्याच्या आदी.”

 पण मी माघार घेणारी नव्हे. “दगडाला लाल फडकं बांधायचं, तर मग बावीस प्रतिज्ञा कशाला घेतल्या?”

“देव नाय करत गं ते. जागा ठेवतात.”

“आपण नाही ठेवायची. ठेवली की लोक तिथं लिंबू ठेवायला येतात. एवढंच आहे तर मिलिंदला इची करा, मित्राला नी. मिटलं.”

 तुम्ही म्हणालात, “दगड नाय मांडत. तुजं बरोबर हाय. पण नंबर कसा दुसऱ्याला देऊ? तिचा हाय तो. मी दिलेला.”

तिथं ते भांडण थांबलं. तुम्ही मला दिलेला शब्द पाळलात. तिचं नाव तुम्ही पोरांपुढे कधी घेतलं नाहीत, दगड मांडला नाहीत, फडकं बांधलं नाहीत. फक्त तो एक श्वास सोडला नाहीत. आणि मीही, भांडले तरी, एकही रविवार घरी थांबले नाही. का येते असं तुम्ही कधी विचारलं नाहीत, हे तुमचे उपकार. विचारलं असतंत तर सांगावं लागलं असतं की मला तो आवाज दुसरीकडे कुठंच ऐकू येत नव्हता.

आता परवाचं सांगते. पोरं म्हणाली, आई, डोंगरावर जाऊया. मी नाही म्हणणार होते. पण मिलिंदनं पिशवी खिळ्यावरून काढून खांद्याला लावलीसुद्धा. तुमच्यासारखाच डावा खांदा पाडून चालतो तो. आपल्या घराच्या भिंतीत ज्या डोंगराची खडी आहे तो डोंगर आता निम्मा उरलाय. खाणवाले वर सरकत सरकत आपल्या वाटेपर्यंत आले आहेत. शिक्क्यांची जागा गेली, ओहोळ बुजला. दुपारचा भोंगा झाला, सुरुंग फुटला आणि पायाखालची माती हलली. मित्रानं माझा हात धरला.

कुड्याचं झाड आहे अजून. पण वाट त्याच्यापुढे वळत नाही, संपते. पुढे नुसती पोकळी आणि खाली ट्रक. आणि झाडाखाली, वळणावरच, एक गुडघ्याएवढा दगड उभा आहे. त्याला लाल फडकं बांधलेलं. खाणवाल्यांनी बांधलंय, इथून पुढे येऊ नका म्हणून. मला ते कळतं. शाळेत शिकवते मी. तरी मला तिथं खाली बसावं लागलं.

मिलिंद पाठ करून उभा राहिला. तुमच्यासारखाच. आणि त्यानं हाक दिली, “बांगो!”

मी मान खाली घातली. पण तो श्वास आलाच नाही. मिलिंदच लगेच, जरा घोगऱ्या झालेल्या आवाजात ओरडला, “इची!”

 मित्रानं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “दादा, तू तर नी ना?”

“आता नाय. इची पप्पा होते. सगळ्यात पुढे चालायचे ना ते. आता मी पुढे.”  इतकी वर्षं त्यानं असा हिशोब लावला होता बघा. पोरगं तुमची जागा घ्यायला निघालं होतं, त्याला काय बोलणार? मान डोलावली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी तुम्हाला सांगितलं होतं तसंच.

“नाही,” मी म्हटलं. “तू नी.”

“मग इची कोण?”

खाली ट्रकनं खडी ओतली. तो आवाज थांबेपर्यंत मी थांबले. मग त्या दगडाला हात टेकून उठले आणि माझ्या पोरीचं नाव घेतलं. सुजाता, म्हटलं. तुमची मोठी ताई. तीन वर्षांची होती. तिला अंधाराची भीती वाटायची आणि तुझा नी तीच ओरडायची, मिलिंद, तुला बोलता येत नव्हतं तेव्हा. ही घंटा तिची आहे.

पोरं घाबरली नाहीत हो. मी उगाच इतकी वर्षं घाबरले. मित्रानं विचारलं, ती दिसायला कशी होती.  मिलिंद परत वळला, पाठ केली, घंटा हातानं धरून शांत केली आणि पुन्हा हाक दिली. आम्ही तिघंही थांबलो. एक श्वास. मग “नी”, मग “सान”.

अहो, नंबर मी दुसऱ्या कुणाला दिला नाही.